जंगी पलटण, सुरतेचा तह आणि बिगुलाचे तीन सूर

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या इतिहासावर हल्ली व्याख्याने होतात. ज्यांना सभागृह गाठणे जमत नाही, ते घरबसल्या पॉडकास्ट ऐकतात. सुरतेतील आपल्या जुन्या मराठी घरांतूनही हा नाद शिरला आहे, आणि तो चांगलाच आहे. रणकथा ऐकण्याची हौस आपल्याला पोवाड्यापासूनची. मात्र मी ऐकलेल्या बहुतेक कथनांत एक खोड आढळली. वक्ता शिवछत्रपतींच्या मावळ्यांपासून निघतो तो एका उडीत इटलीच्या रणांगणावर जाऊन पोहोचतो. मधल्या काळाचे काय? त्याचा एक मोठा धागा तर आपल्या तापीकाठीच आहे.

रेजिमेंटची सर्वांत जुनी, ‘जंगी’ म्हणविणारी पलटण 1768 साली उभी राहिली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारच्या चाकरीत. पुढे सातच वर्षांनी, मार्च 1775 मध्ये, राघोबादादांनी याच सुरतेत मुंबईकर इंग्रजांशी तह केला. साष्टी आणि वसई देऊ केली व बदल्यात पेशवाई मिळविण्यास फौज मागितली. कर्नल कीटिंगची फौज समुद्रमार्गे खंभातेस उतरली, आणि 18 मे रोजी आणंदजवळ अडासच्या मैदानावर हरिपंत फडक्यांच्या सैन्याशी तिची गाठ पडली. मुंबईचे देशी शिपाई एका बाजूस, पुण्याचे स्वार दुसऱ्या बाजूस. शिवाय दादांच्या छावणीतही मराठेच! हे सांगावयास वक्ते बिचकतात. वास्तविक पोटासाठी बंदूक खांद्यावर घेणाऱ्या शिपायाचा त्यात काय दोष? लाजायचेच तर तहावर सही करणाऱ्यांनी लाजावे.

रेजिमेंट आपला दिवस साजरा करते तो 4 फेब्रुवारीस, 1670 मधील सिंहगडाच्या विजयाच्या स्मरणार्थ. कंपनीने उभारलेल्या पलटणींनी तानाजीशी नाते जोडावे, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली, हेही शेजारच्या खुर्चीवरील गुजराती श्रोत्याला ठाऊक असते. सुरतेत बोलणाऱ्याने दोन्ही तारखा सांगाव्यात. आपले शेजारी इतके हलके नाहीत की त्याने रुसतील.

आता थोडे माझ्या विषयाकडे. या रेजिमेंटच्या बोधचिन्हात बिगुल आहे, आणि तो शोभेचा नव्हे. लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई पांगून लढत, तेव्हा हुकूम पोहोचायचा तो बिगुलावरून. त्याला ना पडदे, ना कळा. ओठांच्या ताणावर षड्ज, गांधार आणि पंचम, तेही वेगवेगळ्या सप्तकांतले, एवढेच काय ते भांडवल. त्यातच ‘पुढे’, ‘थांबा’, ‘मागे फिरा’ सगळे बसवायचे. विद्यार्थ्यांना मी सांगतो, सूर तीन आहेत म्हणून अर्थ तीनच असतात असे समजू नका. चालही निराळी, मिनिटाला 140 पावलांची; साध्या पायदळाची 120 च्या आसपास. तबलजीला विचारा, या दोन लयींत केवढे अंतर पडते! ‘लाइट इन्फन्ट्री’ हा किताब मुंबईच्या पाचव्या पलटणीला, म्हणजे आजच्या दुसरीला, 1841 मध्ये मिळाला तो आदल्या वर्षी बलुचिस्तानातील काहानचा किल्ला वेढ्यात टिकवून धरल्याबद्दल.

पॉडकास्ट हे तर निव्वळ कानाचे माध्यम. तरी त्यांत बिगुल वाजत नाही. मागे कुठलासा सिनेमाचा ढोल घुमत राहतो. वक्त्यांनी निदान नामदेव जाधवांची हकीकत सांगताना तो थांबवावा. 9 एप्रिल 1945, इटलीतील सेनिओ नदी. जखमी सोबत्यांना नदीपार आणून हा गडी परत फिरला, शत्रूच्या मशीनगनी एकामागून एक बंद पाडल्या, आणि मग पूर्वेकडच्या बांधावर उभा राहून मराठ्यांची रणगर्जना देत मागच्या कंपन्यांना हात करून बोलावू लागला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या दिवशी बिगुलाचे काम त्यांच्या गळ्याने केले.