हरकतीला जागा

मुळशी धरणाचं पाणी पुण्याकडे येत नाही. मुळेचा उतार पूर्वेला, पण अडवलेलं पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडून पश्चिमेला जातं, रायगड जिल्ह्यात भिऱ्याच्या वीजघरावर उतरतं, आणि तिथली वीज मुंबईला जाते. नदी अशी फिरवणं हे अभियंत्यांचं काम. त्यांच्या आधी मात्र या खोऱ्यात एक कायदा पोचला होता. १८९४ सालातला पहिला अधिनियम, म्हणजे भूसंपादन कायदा. तो ११९ वर्षं चालला. राज्य बदललं, राज्यघटना आली, पण तो जागेवरून हलला नाही. मुळशीच्या मावळ्यांनी त्याच्याशी घेतलेली झुंज सगळ्यांना माहीत आहे. हा कायदा आतून कसा चालायचा आणि त्याची दुरुस्ती करायला आपल्या विधिमंडळांना इतका वेळ का लागला, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते.

मूळ कायद्याची रचना पाहिली तर लिहिणाऱ्याच्या कौशल्याला दाद द्यावीशी वाटते. कलम ४ खाली प्राथमिक अधिसूचना निघायची. ती निघाली की सरकारी माणूस तुमच्या शेतात शिरून मोजणी करू शकायचा, खड्डे घेऊ शकायचा. कलम ६ खाली जाहीरनामा निघायचा की ही जमीन सार्वजनिक कामासाठी हवी आहे. आणि हा जाहीरनामाच त्या सार्वजनिक कामाचा निर्णायक पुरावा मानला जायचा, म्हणजे काम खरंच सार्वजनिक आहे का, हा प्रश्न तिथेच संपायचा. कलम ९ ची नोटीस यायची ती फक्त पैशांसाठी: तुमचा हितसंबंध काय आणि मागणी किती, ते सांगा. मग कलेक्टरचा निवाडा, बाजारभाव आणि सक्तीने घेतल्याबद्दल वर १५ टक्के. निवाडा पटला नाही तर कलम १८ खाली दिवाणी न्यायालयात जाता यायचं, पण तिथेही भांडण मुख्यतः रकमेचंच. ताबा घेतला की जमीन सगळ्या बोज्यांतून मुक्त होऊन सरकारची व्हायची. तातडीचं काम असेल तर कलम १७ होतंच, निवाड्याची वाट न पाहता ताबा.

या सगळ्या साखळीत एक कडी नव्हती. ‘माझी जमीन घेऊ नका’ असं म्हणायला कुठेच जागा नव्हती. किती पैसे, हे विचारता येत होतं. का, हे विचारता येत नव्हतं. आणि सातवा भाग खाजगी कंपन्यांसाठी होता. कंपनीने सरकारशी करार करायचा, काम लोकांना उपयोगी आहे असं सरकारने ठरवायचं, आणि मग हीच सारी यंत्रणा कंपनीच्या सेवेला लागायची.

टाटा वीज कंपनीने निळा आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरवलं तेव्हा मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांना त्याची पहिली खबर मिळाली ती जमिनीत खणल्या जाणाऱ्या चरांवरून. १९२० सालची ही गोष्ट. पुढच्या वर्षी, १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. पां. म. बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिलं. विनायकराव भुस्कुटे यांनी लढा संघटित केला आणि पुढे त्याचा इतिहासही लिहिला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. कंपनीने काम काही काळ थांबवलं, पण पुढे सरकारच संपादनाला उतरलं. लढा तीन वर्षं रेटला गेला. अखेर बापटांनी कामाची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण १९२७ मध्ये पुरं झालं.

या लढ्याची एक अवघड बाजू राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासात फार स्पष्ट येते. खोऱ्यातली पुष्कळ जमीन कागदावर पुण्याच्या सावकारांची होती, कसणारे मावळे होते. नुकसानभरपाईचा दर बरा ठरतोय असं दिसलं तसा सावकारांचा लढ्यातला रस आटला. कायदा पैशांत बोलत होता आणि कागदावर नाव असलेल्याशी बोलत होता. त्याला सावकाराची भाषा कळत होती. कुळाला निवाड्यात फार तर एखादा हिस्सा मागता आला असता. घर, गाव, देवळाची जागा, डोंगरउतारावरची वरई-नाचणी यांचा हिशेब करायला त्या कायद्यात रकानाच नव्हता.

आता सत्याग्रह सुरू झाला त्याच वर्षी मुंबईत काय चाललं होतं ते पाहा. १९१९ च्या सुधारणांनंतरचं नवं मुंबई कायदेमंडळ १९२१ च्या फेब्रुवारीतच टाऊन हॉलमध्ये भरू लागलं होतं. अध्यक्षस्थानी सर नारायण गणेश चंदावरकर होते. निवडून आलेले सभासद बहुमतात होते, प्रश्न विचारता येत होते, ठराव मांडता येत होते. पण जमीन महसूल आणि पोलीस ही राखीव खाती होती. ती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. लोकांना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे शिक्षण, आरोग्य, शेती अशी खाती आली. म्हणजे मावळ्याच्या शेतात पोलीस उभे असताना लोकप्रतिनिधी त्यावर बोलू शकत होते, पण त्यावर निर्णय घेणारा माणूस त्यांना उत्तरदायी नव्हता. मतदारयादीही मालमत्ता आणि शेतसाऱ्याच्या अटींवर बेतलेली. मुळशीच्या कुळाचं नाव त्या यादीत यायचं कारणच नव्हतं.

याच काळात दिल्लीत मात्र एक लहानशी दुरुस्ती झाली. १९२३ च्या ३८ व्या अधिनियमाने कायद्यात कलम ५-अ घातलं. प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर ३० दिवसांत हरकत घ्यायची, कलेक्टरने हरकतदाराचं म्हणणं ऐकायचं, अहवाल सरकारला पाठवायचा, निर्णय सरकारचा. विधेयकाच्या उद्देशपत्रात सरळ कबुली होती की मूळ कायद्यात हितसंबंधी माणसाला हरकत घेण्याचा हक्कच नाही. याआधी कलकत्त्याच्या एझ्रा खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने कलेक्टरची सारी कारवाई प्रशासकीय ठरवली होती, त्यामुळे न्यायालयाच्या वाटेने ही पोकळी भरणार नव्हती. ५-अ चं श्रेय एकट्या मुळशीला देणं इतिहासाला धरून होणार नाही. पण मावळे तुरुंगात होते आणि लढा अजून मिटला नव्हता, त्याच वर्षी कायद्याला पहिल्यांदा कान आले. मुळशीला त्याचा उपयोग झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर संसद काय करते, याची खरी परीक्षा १९६२ मध्ये झाली. कानपूरच्या आर. एल. अरोरा यांची जमीन एका खाजगी कारखान्यासाठी घेतली गेली होती. कारखान्याचा माल लोकांच्या उपयोगी पडेल एवढ्यावर ते काम ‘लोकांना उपयोगी’ ठरत नाही, लोकांना त्या कामाचा थेट उपयोग व्हायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६१ मध्ये सांगितलं. सरकारने काही महिन्यांत अध्यादेश काढला, त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती मंजूर केली, आणि तीही पूर्वलक्षी. जमीन घेणाऱ्याची अडचण दूर करायला एक वर्षही लागलं नाही. जमीन देणाऱ्याची अडचण दूर करायला काय लागतं ते १९६७ आणि १९८४ च्या दुरुस्त्यांत दिसतं: मुदती घातल्या, १५ टक्क्यांचे ३० टक्के केले, व्याज वाढवलं. चांगलंच झालं. पण सगळं पुन्हा रकमेच्याच रकान्यात.

पुनर्वसनाचा रकाना पहिल्यांदा उघडला तो महाराष्ट्राने. कोयनेनंतर, धरणग्रस्तांच्या परिषदा आणि मोर्चे झाल्यानंतर, १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला. या प्रकारचा देशातला तो पहिला. त्याची कल्पना साधी आणि कडक होती. ज्यांच्या शेतात धरणाचं पाणी येणार, त्या लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांकडून जमीन घ्यायची आणि ज्यांची बुडाली त्यांना द्यायची. लाभक्षेत्रातल्या सातबारावर ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असे शेरे पडले ते यामुळे, आणि ते उठवून घेण्यासाठी लोकांनी पिढीभर तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. १९८६ मध्ये नवा कायदा, १९९९ मध्ये आणखी एक. अंमलबजावणीबद्दल धरणग्रस्तांना विचाराल तर उत्तर गोड मिळणार नाही. तरीही राज्याचं विधिमंडळ केंद्राच्या पुढे एक पाऊल गेलं, हे मान्य करायला हवं.

याच विधिमंडळाचं याहून मोठं पाऊल आठवायचं तर वि. स. पागे यांच्याकडे जावं लागतं. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. रोजगार हमीची कल्पना त्यांनी सभागृहात मांडण्याआधी तासगाव तालुक्यात, आपल्या विसापूर भागात, कामं काढून तपासून पाहिली. मग योजना, मग १९७७ चा कायदा, आणि २००५ मध्ये देशभराची हमी. शेतावर करून पाहिलेली गोष्ट कलमांत उतरवणारे सभापती फार झाले नाहीत. महाराष्ट्र विधिमंडळाच्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला पाग्यांचं नाव दिलं आहे ते योग्यच आहे. फक्त पाग्यांनी जे केलं ते व्याख्यानाच्या खोलीत बसून शिकता येईल का, हा प्रश्न त्या नावाने आपोआप उभा राहतो.

भूसंपादन कायद्याचा शेवट मात्र दिल्लीत झाला, आणि समितीच्या खोलीत झाला. २००७ चं दुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर होऊनही चौदाव्या लोकसभेबरोबर बुडालं. सप्टेंबर २०११ मध्ये जयराम रमेश यांनी नवं विधेयक मांडलं. ते ग्रामविकास खात्याच्या स्थायी समितीकडे गेलं. अध्यक्ष सुमित्रा महाजन. जन्म चिपळूणचा, मतदारसंघ इंदूर. खात्यांशी जोडलेल्या या स्थायी समित्या १९९३ पासूनच्या. सभागृहात पक्षाचा आदेश, कॅमेरा, घोषणा. समितीत दार बंद, समोर अधिकाऱ्यांची साक्ष, लोकांची निवेदनं, आणि एकेका कलमावर बोलणं. मे २०१२ मध्ये अहवाल आला. खाजगी कंपन्यांसाठी सरकारने जमीन घेऊच नये, असं त्यात म्हटलं होतं. विरोधी पक्षाच्या खासदार अध्यक्ष असलेल्या समितीने १८९४ च्या सातव्या भागावर बोट ठेवलं होतं.

सरकारने ते पूर्ण मानलं नाही. पण २०१३ च्या कायद्यात त्याची छाया आहे. खाजगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती, सार्वजनिक-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के. सामाजिक परिणामांचा अभ्यास आधी. दिलासा रक्कम १०० टक्के, ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत. आणि ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत कूळ, शेतमजूर, ज्याचं पोट त्या जमिनीवर चालतं तो माणूसही आला. १ जानेवारी २०१४ पासून हा कायदा लागू झाला. मुळशीतल्या कुळाला कायद्याच्या पानावर जागा मिळायला, सत्याग्रहापासून मोजलं तर, ९२ वर्षं गेली.

वर्ष संपायच्या आत, ३१ डिसेंबर २०१४ ला, त्याला छेद देणारा अध्यादेश निघाला. संमती आणि परिणामअभ्यास यांतून पाच प्रकारच्या प्रकल्पांना सूट द्यायची होती. लोकसभेने मार्च २०१५ मध्ये विधेयक मंजूर केलं तेव्हा अध्यक्षांच्या आसनावर सुमित्रा महाजनच होत्या. राज्यसभेत संख्याबळ नव्हतं. अध्यादेश आणखी दोनदा काढावा लागला, विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, आणि ऑगस्ट २०१५ अखेर अध्यादेश संपू दिला गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये महाजन यांनी खासदारांसाठी ‘स्पीकर्स रिसर्च इनिशिएटिव्ह’ सुरू केला होता. विषयतज्ज्ञांनी खासदारांना विधेयकांवर आणि धोरणांवर माहिती द्यावी म्हणून.

खासदारांच्या अभ्यासाची सोय आपल्याकडे अगदीच नाही असं नव्हे. संसदेचं प्रशिक्षण केंद्र १९७६ पासून आहे, आता ते ‘प्राइड’ या नावाने ओळखलं जातं. १९८५ पासून ते परदेशांतल्या अधिकाऱ्यांना कायद्याचा मसुदा लिहायला शिकवतं. आफ्रिका-आशियातल्या कित्येक देशांचे मसुदाकार दिल्लीत शिकून गेलेत. पीआरएस ही २००५ मधली संस्था विधेयकांचे सारांश काढते आणि तरुण सहायक खासदारांसोबत काम करायला पाठवते. हे सगळं हवंच. पण १९६२ आणि २०१२ शेजारी ठेवून पाहिले तर फरक हुशारीचा दिसत नाही. १९६२ मध्येही सभागृहात वकिलांची कमतरता नव्हती. २०१२ मध्ये साक्ष घ्यायला वेळ होता, समितीला कागद मागवायचा हक्क होता, आणि कायद्याने ज्यांचं जाणार त्यांनी निवेदनं पाठवली होती. विधेयक समितीकडे न जाता दोन दिवसांत मंजूर होतं तेव्हा प्रशिक्षित आमदारही फक्त हात वर करतो.

मुळशी तालुक्यात आजचा भूसंपादनाचा रस्ता वेगळा आहे. माण-हिंजवडीची आयटी नगरी एमआयडीसीची, आणि एमआयडीसीचं संपादन १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्यातून होतं. कलम ३२ खाली मालकाला नोटीस येते, म्हणणं मांडता येतं, दर वाटाघाटीने ठरवता येतो. संमतीची टक्केवारी त्यात नाही, सामाजिक परिणामांचा अभ्यास नाही. २०१३ च्या कायद्यातही राज्याने २०१८ मध्ये आपली दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना याच दोन अटींतून सूट दिली. १९६१ चा तो कायदा बदलायला मात्र दिल्लीला जावं लागत नाही. तो अधिकार विधानसभेतल्या २८८ आणि विधान परिषदेतल्या ७८ सभासदांचा आहे.