तापापूर्वीचे आठ दिवस

रोगाचा विषाणू ज्या दिवशी शरीरात शिरतो, त्याच दिवशी माणूस अंथरुणाला खिळतो असे नाही. विषाणूचा प्रवेश आणि पहिले लक्षण यांच्यामधील अवधीला परिपाककाल म्हणतात. पेरणीनंतर अंकुर वर येईपर्यंत शेत रिकामेच भासते, तसाच हा काळ होय. माणूस कामाला जातो, प्रवास करतो. आत मात्र विषाणूंची संख्या वाढत असते.

रक्तस्रावी ज्वरांच्या साथीत या दिवसांच्या गणतीला मोठे महत्त्व आहे. आफ्रिकेतील इबोला ज्वराचा परिपाककाल २ ते २१ दिवसांचा असतो. म्हणून रोग्याच्या सहवासात आलेल्या माणसावर २१ दिवस लक्ष ठेवतात, आणि शेवटचा रोगी विषाणुमुक्त झाल्यावर किंवा त्याचे दफन झाल्यावर त्याच्या दुप्पट, म्हणजे ४२ दिवस, नवा रोगी आढळला नाही तरच साथ संपल्याचे जाहीर करतात.

याच जातीचा एक ज्वर सह्याद्रीच्या रानात आहे. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांतील माणसे तापाने फणफणली. माकडांच्या मृत्यूमुळे पीतज्वर भारतात आला की काय, अशी शंका प्रथम आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा हा अगदी नवा विषाणू असून तो गोचिडीतून पसरतो असे सिद्ध झाले. लोकांनी या रोगाला माकडताप हे नाव दिले.

तथापि माकड हा रोगाचा उगम नव्हे. विषाणू रानातील गोचिडी आणि उंदरांसारखे लहान प्राणी यांच्यात टिकून राहतो. माकडाला लागण झाली की त्याच्या रक्तात तो विपुल वाढतो. माकड मेले की अंगावरील गोचिडी गळून पालापाचोळ्यात पसरतात, आणि तेवढी जागा धोक्याची होते. गोचिडीची बारीक पिल्ले डोळ्यांना सहज दिसत नाहीत. माणसाला बहुधा तीच चावतात. त्यांचा सुळसुळाट पावसाळा सरल्यावर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत टिकतो, आणि सरपण, पातेरा व काजू गोळा करण्याचा हंगामही तोच! २०१५ साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हा रोग प्रकट झाला. गोव्यात काजूच्या बागांत राबणाऱ्या मजुरांनाही त्याने गाठले.

माकडतापाचा परिपाककाल ३ ते ८ दिवसांचा आहे. खरी अडचण इथेच आहे. समजा, घाटावरचा एखादा मजूर काजूच्या रानात काम करून चौथ्या दिवशी गावी परतला आणि सातव्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप भरला. डोके ठणकते, कंबर व पोटऱ्या असह्य दुखतात, डोळे लाल होतात. रान मागे राहिले. गावच्या वैद्याला हा विषमज्वर किंवा हिवताप वाटणे स्वाभाविक आहे. पुढे काहींच्या नाकाहिरड्यांतून रक्त येते. काहींचा ताप उतरून पुन्हा उलटतो, आणि मग मेंदूवर परिणाम होऊन भ्रम व कंप दिसू लागतो. शंभरांतील तीन ते पाच रोगी दगावतात.

या रोगावर नेमके औषध नाही. जुनी लस पुरेशी परिणामकारक न ठरल्याने तिचा वापर थांबला. परंतु वेळीच निदान झाल्यास शुश्रूषा, शरीरातील पाण्याचे प्रमाण राखणे व रक्तस्रावावर नजर ठेवणे यांनी बहुतेक रोगी वाचतात. माणसाकडून माणसाला हा ताप लागत नाही. तेव्हा रोग्याला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, उघड्या अंगाला गोचीडप्रतिबंधक तेल लावावे, परतल्यावर कपडे गरम पाण्यात धुऊन साबणाने स्नान करावे. मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य किंवा वनखात्याला तत्काळ कळवावे. आणि ताप आलाच, तर ‘गेल्या आठ दिवसांत मी रानात गेलो होतो’ हे वाक्य डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. त्या एका वाक्याने रक्ताची योग्य तपासणी वेळेवर होते, आणि कित्येकदा प्राणही वाचतात.