अकरा गुंठे गंज

दादाचा, म्हणजे माझ्या मावसभावाचा, बार्ज स्लिपवेवर चढला आणि तासाभरात वास सुटला. गोव्याच्या झुआरी नदीच्या पाण्यात वर्षानुवर्षं बुडालेला तळ मार्चच्या उन्हात आला की त्याला चिकटलेली कालवं, शेवाळ, बार्नाकल सगळं एकदम मरायला लागतं. विंच चालवणारा नाकाला रुमाल बांधून शांतपणे वायररोप गुंडाळत होता. मी मात्र वाऱ्याची दिशा बघून उभा राहिलो.

खनिज वाहणारा हा दीड हजार टनी बार्ज. २०१२ च्या खाणबंदीत तो नांगरून पडला, मध्ये थोडा चालला, २०१८ मध्ये पुन्हा पडला. चालणाऱ्या बोटीपेक्षा पडून राहिलेली बोट जास्त गंजते, हे मला तिथे कळलं. मालकाच्या हाती पैसा नसतो, म्हणून रंगावर रंग चढतो. जुना खरवडायचा कोणी?

कंत्राटदाराने ग्रिटच्या माऱ्याने रंग आणि गंज उडवायचा दर चौरस मीटरवर सांगितला. साठ मीटर लांब, बारा मीटर रुंद, तळ आणि पाण्याखालच्या दोन्ही बाजू मिळून साधारण अकराशे चौरस मीटर भरले. आपल्या भाषेत अकरा गुंठे. दादाने दराला अकराशेने गुणलं, आकडा वहीत लिहिला आणि खाली रेघ मारली. ती रेघ मारायची घाई झाली, असं मला आज वाटतं.

आधी गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तळ धुतला. हा खर्च मालकांना खुपतो, कारण त्यातून दिसण्यासारखं काही हाती येत नाही. पण तळावरच्या मिठावर तशीच ग्रिट मारली तर मीठ पत्र्याच्या खळग्यांत ठोकलं जातं आणि पुढे त्यावरच्या नव्या रंगाला फोड येतात.

मग ग्रिटच्या गोण्या आल्या. ही वाळू नव्हे. वाळूच्या धुळीतला सिलिका फुफ्फुसं खातो. ही तांबं वितळवताना उरणारी मळी, काळी, काचेसारखी, धारदार. एका चौरस मीटरला चाळीस किलो धरली तरी अकरा गुंठ्यांना चव्वेचाळीस टन. एवढा माल पॉटमध्ये हातांनी ओतायचा आणि वापरून झाला की फावड्याने गोळा करायचा.

ग्रिट मारणारा ब्लास्टर डोक्यावर हेल्मेट घालून, आतल्या नळीतून श्वास घेत उभा राहतो तेव्हा अंतराळवीरच वाटतो, फक्त चिखलातला. नोझल उघडलं की बोलणं संपतं. पुढे सगळा व्यवहार हातवाऱ्यांनी. मुकादम वीस वर्षं हेच करतोय. तो मधूनच इंजेक्शनसारख्या सुईचं मीटर नोझलच्या मागे होजच्या रबरात खुपसायचा. कॉम्प्रेसरच्या काट्यावर शंभर पौंड होते, टोकाशी ऐंशीच निघाले. धंद्यातला ठोकताळा असा, की एक पौंड दाब घटला की कामाचा वेग दीड टक्क्याने उतरतो. म्हणजे वीस पौंडांत जवळजवळ तिसरा हिस्सा काम बुडालं, डिझेल मात्र तेवढंच जळलं. त्याने होजची दोन वेटोळी सोडवली, झिजलेलं नोझल बदललं आणि पुन्हा सुई खुपसली. पंच्याण्णव. त्या दिवशी सर्वांत जास्त पैसे वाचवले ते त्या सुईने.

हिशेब सोपा आहे. एक नोझल तासाला आठ चौरस मीटर साफ करतं असं धरलं तर एकशे सदतीस तास. तासाला वीस लिटर डिझेल, लिटरला नव्वद रुपये धरले तर अडीच लाखांच्या आसपास केवळ धूर. पण हे तास सलग मिळत नाहीत. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की थांबायचं, पत्रा दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश गरम असायला हवा. खाडीकाठी सकाळी दहाच्या आत पत्र्याला घाम फुटलेला असतो. दुपारी साफ केलेला भाग संध्याकाळच्या आत प्रायमरखाली गेला नाही तर पिवळसर पडतो, पुन्हा मारावा लागतो. स्लिपवेचं भाडं रोज चढत असतंच. पावसाळ्यात बार्ज रिकामा असतो, पण हवा ओली. हवा कोरडी होते तेव्हा बार्जला माल मिळतो. गोव्यातल्या बार्जमालकांच्या पोटात गोळा येतो तो याच पेचाने.

निळा गेला, तांबूस गेला, काळा गेला आणि सर्वांत खाली नारिंगी थर लागला. 'रेड लेड,' मुकादम ओरडला. म्हणजे शेंदूर! मारुतीला लावायचा तोच, शिशाचं ऑक्साइड. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदूर २०२२ मध्ये उतरवला तेव्हा खाली मूळ रूप दिसलं होतं. इथेही दिसणार होतं, पण बघायला यायची कोणाला हौस नव्हती. आणि शिसं, तांबं मिसळलेली ही ग्रिट आता नदीत लोटायची नाही. खाली चिखलीच्या उपसागरात चपटे शिंपले वाढतात; त्यांच्याच अर्धपारदर्शक कवचांच्या तावदानांतून जुन्या गोव्याच्या घरांत उजेड यायचा. वापरलेली ग्रिट गोण्यांत भरून, ताडपत्रीखाली ठेवून, धोकादायक कचरा म्हणून रवाना करायची. या खर्चाचा आकडा दादाच्या वहीत नव्हता.

चौथ्या दिवशी मागच्या भागात नोझल नेहमीपेक्षा जास्त वेळ एकाच जागी थांबलं. ब्लास्टरने हात वर केला, आवाज थांबला. राखाडी, मऊ, नव्या पत्र्यासारखं लोखंड, आणि त्यात टाचणीएवढं भोक. आतल्या टाकीत कोणीतरी टॉर्च लावला तर उजेड बाहेर आला. हे भोक आजचं नव्हतं. गंजाच्या खपलीने आणि रंगाच्या थरांनी ते कित्येक वर्षं बुजवून धरलं होतं. ग्रिटने फक्त झाकण काढलं.

पत्र्याची जाडी मोजणारा गेजिंगवाला आला. आठ मिलिमीटरची प्लेट कुठे साडेपाच, कुठे साडेचार भरली. पातळ जागांवर खूण करायला मुकादमाने खिशातून खडू काढला.

'शेट, इथून पुढे हलक्या हाताने मारू?' त्याने विचारलं. म्हणजे रंग थोडा उडवायचा, खाली जायचं नाही. बाहेरून काम झाल्यासारखं दिसतं, आणि पुढची पाच वर्षं दुसऱ्या कोणाच्या नशिबाची.

दादा बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिला. बार्जवर खलाशी असतात, त्यातले दोघं आमच्याच गावचे.

'पूर्ण मार,' तो म्हणाला.

संध्याकाळी कॉम्प्रेसर बंद झाला तेव्हा मी खडूची वर्तुळं मोजली. एकोणीस. दादाने वही उघडली, जुन्या रेघेखाली 'प्लेट' असं लिहिलं आणि पुढची जागा कोरी सोडली.