नऊ एकांचा वर्ग आणि खर्वाचे स्थान

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचा वा उजवीकडून, सारखीच. साहित्याच्या अध्यापकाला विलोमपद आठवावे अशी तिची रचना आहे. पण विलोमपद कवी जुळवतो. इथली जुळणी गुणाकाराने होते. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग आहे.

लहान उदाहरण घेऊ. १११ ला १११ ने गुणताना १११ तीनदा मांडावा लागतो, दर ओळीला एक घर डावीकडे सरकवून. उभ्या रकान्यांत अनुक्रमे १, २, ३, २, १ इतके एक येतात, उत्तर १२३२१. नऊ एकांच्या गुणाकारात मधल्या रकान्याची बेरीज नऊच होते, म्हणून हातचा येत नाही. दहा एक घेतले की तो येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे होते. सौष्ठव मोडते.

अशा संख्यांचा अभ्यास देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी केला. ती कल्पना जिथे सुचली, त्या रेल्वेस्थानकाच्या नावावरून त्यांनी त्यांना 'डेम्लो संख्या' म्हटले. तेच आजचे डोंबिवली.

हे सौष्ठव संख्येच्या लेखनाचे आहे. दशमान पद्धत सोडली की ते उरत नाही. तिचे मूळ अवयव मात्र कोणत्याही पद्धतीत तेच राहतात: ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. रूप आणि आशय यांतला भेद वर्गात समजावताना मला हे उदाहरण फार उपयोगी पडते.

आता ही संख्या मोठ्याने वाचू. इंदूरच्या मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण इथे सुरू होते. हिंदीत तो 'बारह पद्म, चौंतीस नील, छप्पन खरब, अठहत्तर अरब' असे वाचतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील (इ. स. ११५०) क्रमाने पाहिले, तर पहिला १ 'मध्य' या सतराव्या स्थानी येतो, मधला ९ 'अर्बुद' म्हणजे दशकोटीच्या स्थानी आणि खर्वाच्या स्थानी ७. 'लीलावती'तील खर्व म्हणजे एकावर दहा शून्ये. हिंदीतील खरब म्हणजे एकावर अकरा. शब्द एकाच कुळातले, किंमत दहापट वेगळी.

दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्या मुलांना अशा ठिकाणी कोश पुरा पडत नाही. खर्वाला खरब हा प्रतिशब्द देऊन भाषांतर झाले असे मानले, तर रक्कम दहापट फुगते. म्हणून जुना ग्रंथ शिकवताना वा अनुवाद करताना संख्यानामापुढे शून्ये किती, हे अंकांत लिहावे. नाव ज्या परंपरेतले, त्याच परंपरेतली त्याची किंमत धरावी.