उठताना येणारी अंधारी

पहाटे लघवीसाठी आजोबा अंथरुणातून उठतात, दोन पावले टाकतात आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन भिंत धरतात. घरातील मंडळी म्हणतात, ‘पित्त झाले असेल’ किंवा ‘आता वय झाले’. दवाखान्यात खुर्चीवर बसवून रक्तदाब मोजला जातो, तो व्यवस्थित भरतो आणि तक्रार तिथेच मिटते. पुढे एखाद्या दिवशी न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडते. वास्तविक या अंधारीचे निदान अवघ्या आठ-दहा मिनिटांत होऊ शकले असते.

आपण उभे राहताच सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या व पायांच्या शिरांमध्ये उतरते. तरीही मेंदूचा रक्तपुरवठा टिकतो, कारण मान व छातीतील मोठ्या रक्तवाहिन्यांमधील संवेदकांना दाबातील घट जाणवते आणि स्वायत्त चेतासंस्था क्षणार्धात रक्तवाहिन्या आकुंचित करून हृदयाची गती वाढवते. हृदयगती, रक्तदाब, पचन, घाम, मूत्रविसर्जन ही सारी कामे हीच संस्था आपल्या नकळत सांभाळते. दीर्घकाळच्या मधुमेहाने किंवा पार्किन्सनच्या आजाराने तिचे तंतू दुबळे झाले, की हे संतुलन ढळते. मग बद्धकोष्ठ, घाम न येणे, लघवी तुंबणे अशा वरवर असंबद्ध तक्रारीही सोबतीला येतात. रक्तदाबाच्या व प्रोस्टेटच्या काही गोळ्या, तसेच शरीरातील पाणी कमी होणे, यांमुळेही अशी अंधारी येते.

परीक्षा सोपी आहे. रुग्णाला पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब व नाडी मोजावी. नंतर उभे करून पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावी. या वेळी कोणीतरी शेजारी उभे असावे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर तो दोष मानावा. समजा, झोपून १४०/८० असलेला दाब उभे राहिल्यावर ११२/६६ झाला आणि नाडी मात्र ७४ वरून ७९ पर्यंतच गेली, तर चेतातंतूंच्या विकाराची शंका बळावते. पाणी कमी झाले असते, तर नाडी बरीच वाढली असती. अर्थात, नाडी मंदावणाऱ्या गोळ्या चालू असल्यास हा निकष फसवा ठरतो.

तरुणींमध्ये चित्र निराळे असते. रक्तदाब फारसा उतरत नाही, परंतु उभे राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी ३०हून अधिक ठोक्यांनी वाढते. किशोरवयात हा निकष ४० ठोक्यांचा आहे. असा त्रास तीन महिने टिकला आणि रक्तक्षय, थायरॉइड ही कारणे नसली, तर ‘पॉट्स’ या विकाराचा विचार होतो. अशा मुलींना ‘मनाला लावून घेऊ नकोस’ एवढाच सल्ला मिळणे अन्यायाचे आहे. आवश्यकतेनुसार तज्ज्ञ टिल्ट टेबल चाचणी किंवा दीर्घ श्वसनाच्या वेळी ईसीजी करतात.

तोवर उठताना आधी कुशीवर वळावे, काठावर मिनिटभर बसावे, मगच उभे राहावे. पाणी पुरेसे प्यावे. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत आणि मीठही वैद्यकीय सल्ल्याविना वाढवू नये. श्रम करताना किंवा झोपलेले असतानाच शुद्ध हरपली, छातीत दुखले वा बोलणे अडखळले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

पुढच्या भेटीत झोपून व उभ्याने घेतलेले आकडे, वेळेसह, चालू गोळ्यांच्या यादीशेजारी लिहून न्या. ‘जरा चक्कर येते’ या वाक्यापेक्षा तो कागद डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगेल.