नेपोलियनकालीन युद्धे आणि इंग्लिश क्रिकेट (१७९३–१८१५)

फ्रान्सशी १७९३ मध्ये सुरू झालेले युद्ध, मधले अल्प विराम सोडता, १८१५ पर्यंत चालले. या काळात इंग्लंडमधील क्रिकेटला उतरती कळा लागली, असे सामान्यतः मानले जाते. या मताला आधार आहे. ‘जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स’ या प्रसिद्ध सामन्याचे पहिले दोन प्रयोग १८०६ मध्ये झाले. तिसरा थेट १८१९ मध्ये. १८११ नंतरच्या काही वर्षांतील मोठ्या सामन्यांचे धावफलक तर अगदीच तुरळक आढळतात.

अठराव्या शतकातील मोठे क्रिकेट जमीनदार आश्रयदात्यांच्या पैशावर व पैजांवर उभे होते. युद्धाने या वर्गातील तरुणांना सैन्यात नेले, आणि १७९९ पासून दोनशे पौंडांवरील उत्पन्नावर दहा टक्के कर आला. आश्रय आटला तसे मोठे सामनेही आटले.

मात्र धावफलक कमी म्हणून खेळ कमी, हे अनुमान जपूनच करावे लागते. मेरिलबोन क्रिकेट क्लबचे गुणलेखक सॅम्युअल ब्रिचर १७९० पासून धावफलकांची वार्षिक पुस्तिका छापत असत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच ती मालिका थांबली. पुढे १८२५ मध्ये लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनला आग लागून क्लबची जुनी कागदपत्रे भस्मसात झाली. शांतताकाळात लागलेल्या या आगीचा दोष युद्धाच्या माथी मारता येत नाही. शिवाय टॉमस लॉर्ड यांनी ऐन युद्धकाळात, १८११ व १८१४ मध्ये, मैदान दोनदा हलवले. व्यवसाय बुडीत असता, तर इतका खटाटोप त्यांनी केला नसता.

आश्रयदात्यांच्या नामांकित संघांपलीकडे पाहिले, तर चित्र आणखी बदलते. १७९६ मध्ये वॉलवर्थ येथे ग्रिनिच रुग्णालयाच्या निवृत्तिवेतनधारक खलाशांचा सामना झाला: एका बाजूला एक हात गमावलेले अकरा जण, दुसऱ्या बाजूला एक पाय गमावलेले अकरा. पैज एक हजार गिनींची होती, जिंकले एकपायी. आरमाराच्या सेवेत अवयव गमावलेल्या माणसांचा हा तमाशा आज अस्वस्थ करतो. पण युद्धकाळातही क्रिकेटवर पैसा लागत होता, याचा तो पुरावा आहे. १८११ मध्ये, म्हणजे पुरुषांचे मोठे सामने दुर्मीळ झाले असताना, लंडनच्या उत्तरेस बॉल्स पाँड येथे हॅम्पशर व सरे या परगण्यांतील स्त्रियांचा सामना पाचशे गिनींच्या पैजेवर तीन दिवस रंगला.

सैन्यातही खेळ गेला. जून १८१५ मध्ये, वॉटर्लूच्या लढाईला आठवडाही उरला नसताना, ब्रुसेल्सजवळील एंगिएन येथे ब्रिटिश अधिकारी क्रिकेट खेळले आणि तो खेळ पाहण्यास खुद्द वेलिंग्टन गेले होते. त्या वेळी ब्रुसेल्समध्ये राहणारे रिचमंडचे ड्यूक चार्ल्स लेनॉक्स हे पूर्वी टॉमस लॉर्ड यांच्या पहिल्या मैदानाचे पाठीराखे होते. १८४१ मध्ये सरसेनापती लॉर्ड हिल यांनी प्रत्येक बराकीलगत क्रिकेटचे मैदान असावे, असा आदेश काढला. हे हिल वॉटर्लूला वेलिंग्टन यांच्या सैन्यातील एका मोठ्या विभागाचे सेनानी होते.