शाळेतला योग, आनापान आणि आपली मुले

२१ जूनचा योग दिन जवळ आला की वस्तीतले पालक विचारतात, "आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. मग आमच्या पोरांनी शाळेत सूर्यनमस्कार घालायचे का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधताना व्यायाम कुठे संपतो आणि उपासना कुठे सुरू होते, हे पाहावे लागते.

सूर्यनमस्कार

वाकणे, ताणणे, उठणे या हालचालींनी पाठ, खांदे व मांड्यांना चांगला व्यायाम होतो. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकात तो शाळांमध्ये रुजवला. पण त्यासोबत ओंकार लावून सूर्याची बारा नावे घेतली, की ती उपासना झाली. २०१५ च्या पहिल्या योग दिनाआधी मुस्लिम संघटनांनी हीच हरकत घेतली आणि केंद्राने मुख्य कार्यक्रमातून सूर्यनमस्कार वगळले. २०१६ मध्ये मुंबई महापालिकेने ते शाळांत सक्तीचे करण्याचा ठराव केला, तेव्हाही विरोध झाला.

आनापान

आता दुसरी बाजू. शालेय शिक्षण विभाग आणि विपश्यना विशोधन विन्यास यांच्या 'मित्र उपक्रमा'त मुले डोळे मिटून नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहतात. त्यात मंत्र नाही, मूर्ती नाही. तरी ही साधना तथागतांच्या शिकवणुकीतली आहे. शेजारच्या मुस्लिम किंवा ख्रिस्ती पालकांना ती नको वाटली, तर त्यांची हरकतही आपल्याइतकीच मानाची. वर्गात त्रिशरण म्हणवून घेणे तर सरळ उपासनाच ठरेल.

संविधान काय सांगते?

कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. प्रार्थनेत हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला. त्यांना हात जोडायची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

तब्येतीचे काय?

शांत बसून श्वास पाहिल्याने बऱ्याच मुलांना निवांत वाटते. पण ते औषध नव्हे. ब्रिटनमध्ये सुमारे ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या अभ्यासात (२०२२) असे सजगतेचे तास नेहमीच्या शिक्षणापेक्षा सरस ठरले नाहीत. डोळे मिटल्यावर मुलाला भीती वाटत असेल, तर डोळे उघडे ठेवू द्या. सतत उदास राहणाऱ्या, झोप उडालेल्या मुलाला डॉक्टरांकडे न्या. आई-वडील चाकण-भोसरीला फर्स्ट शिफ्टला गेले की काही मुले उपाशीच शाळेत येतात. त्यांना व्यायामात चक्कर येऊ शकते. पोळीचा तुकडा, केळे, काहीतरी खाऊन थोड्या वेळाने व्यायाम करू द्या. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर शिक्षकांना आधी कळवा.

पालकांनी काय करावे?

मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचारा: मंत्र किंवा प्रार्थना आहे का? सक्ती आहे का? भाग न घेणारे मूल त्या वेळी काय करेल? मंत्र नको असेल तर तसा अर्ज द्या आणि पोच घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. विषय तिथे मांडा. नुसता व्यायाम असेल तर मुलाला जरूर करू द्या. नसेल करायचा, तर धावणे किंवा कवायत मागा. त्याला एकटे कोपऱ्यात उभे करू देऊ नका. आणि आनापानाच्या वेळी दुसऱ्या धर्माचे मूल बाहेर बसले, तर त्याला कोणी हिणवणार नाही, हे आपल्या मुलांनाही सांगून ठेवा.